भांडून तपासणारे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांकडे माणूस शिरताना खोकत यायचा आणि बाहेर पडताना तणतणत जायचा. नव्याला वाटायचं, हा डॉक्टर चक्रम आहे. जुन्यांना ते माहीतच होतं. मी त्यांच्या दवाखान्यात फुंकायच्या मशीनवर होते, म्हणजे छातीत किती हवा मावते आणि किती जोरात बाहेर पडते ते मोजायचं काम माझं. बी.एस्सी. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावं म्हणून चिकटले. लग्न झालं, मुलं झाली, ती कॉलेजात गेली, तरी मी आपली तिथंच. घरचे विचारायचे, त्या विक्षिप्त माणसाकडे तू टिकलीस कशी? मी म्हणायचे, मी कुठली टिकतेय, त्यांना दुसरी कुणी मिळत नाही म्हणून चाललंय.

दवाखाना सोलापुरातल्या एका आतल्या गल्लीत, तळमजल्यावर. एसी नाही. खिडक्या बारा महिने सताड उघड्या, मग मे महिन्यात आतला माणूस भाजून निघाला तरी बेहत्तर. "हवा खेळली पाहिजे," हे त्यांचं एक. "सर, ही हवा नाही, फुफाटा आहे," हे माझं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. पेशंटची छाती ऐकताना त्यांची टरफलं स्टेथोस्कोपला चिकटलेली मी पाहिली आहेत. तेलुगू पेशंटशी ते तेलुगू बोलत, अक्कलकोटकडच्यांशी कानडी, आणि दोन्ही भाषा इतक्या भयंकर बोलत की तपासणीच्या टेबलावर पडलेली बाई तोंडाला पदर लावून हसायची. ती हसली की हे लगेच छातीला नळी लावून ऐकायचे. आता मुद्दाम चुकीचं बोलायचे की खरंच येत नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

छातीचे डॉक्टर म्हटल्यावर दमा, न्यूमोनिया सगळंच यायचं. पण त्यांचा जीव अडकलेला होता तो वेगळ्याच लोकांत. टीबीचा कोर्स नेमानं पुरा केलेले, थुंकी स्वच्छ झालेले, कागदावर बरे झालेले, आणि तरी नळावरून घागर आणताना तोंडाचा आ करून उभे राहणारे लोक. यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बाया, हमाल, मास्तर. टीबीनं फुप्फुसाचा एखादा कोपरा खाऊन टाकलेला असतो, तिथं पोकळी राहते नाहीतर व्रण सुकून फुप्फुस आखडतं. औषधानं जंतू मरतो, पण गेलेलं फुप्फुस परत येत नाही. अशा माणसाला घरचे म्हणतात, आता झालास की बरा, उठ, कामाला लाग. किंवा उलटं, पुन्हा खोकला लागला की म्हणतात, उलटला टीबी, आणा परत गोळ्या. डॉक्टरांचा या दोन्हींवर सारखाच राग. "आग विझली, बंब परत गेला," ते म्हणायचे, "आता घराच्या कुठल्या भिंती उभ्या आहेत ते कोण बघणार? तुमचा काका?"

त्या भिंती बघायची त्यांची रीत अशी होती. मी मशीनवर फुंकून घ्यायचे, एक्स-रे असायचा, थुंकी परत तपासून घेतलेली असायची, वजन व्हायचं. ते सगळं बघून झालं की डॉक्टर उठायचे, पेशंटच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा लावायचे आणि त्याला घेऊन गल्लीत चालायला निघायचे, टोकाच्या कडुलिंबापर्यंत आणि परत. आणि चालता चालता त्याच्याशी भांडण काढायचे.

भांडणाला विषयाची वाण कधीच पडली नाही. साळी-पद्मशाली विणकर असला तर, "तुमच्या चादरी आता एका धुण्यात विरतात म्हणे." मंद्रूपचा शेतकरी असला तर, "मंद्रूपच्या बाजारात काय मिळतं हो, सगळी किडकी वांगी." शिक्षकाला, "तुमचं बरं आहे, वर्षभर सुट्टी." बिचारा माणूस आधी हसायचा, मग गोरामोरा व्हायचा, मग त्याचं डोकं फिरायचं आणि तो सुरू व्हायचा. डॉक्टर त्याच्या शिव्या ऐकतच नसत. तो एका दमात किती शब्द बोलतो, ते ऐकत. चालताना सलग वाक्य फेकणारा माणूस त्यांना भारी आवडायचा. बोलायला थांबावं लागलं तर ती एक पायरी खाली. आणि ज्याला डिवचूनही नुसतं बघत राहावं लागलं, त्याच्या पाठीवर हात ठेवून ते त्याला अगदी सावकाश परत आणायचे. त्या दिवशी मग ते माझ्याशीही नीट बोलायचे नाहीत.

मी पुष्कळदा सांगून बघितलं, "सर, चालण्याच्या टेस्टला पेशंटशी बोलायचं नसतं. तसा नियम आहे."

"तुमची नियमाची टेस्ट तुम्ही घ्या की, मॅडम. मी माझी घेतो."

मॅडम म्हटलं म्हणजे रागावलेत. एरवी मी नुसती 'बाई' होते. तेव्हा पेशंट दोनदा चालायचे, एकदा माझ्याबरोबर मुकाट्यानं आणि एकदा त्यांच्याबरोबर तंडत. एकदा एक निवृत्त हेडमास्तर त्यांच्या बोलण्यानं इतके भडकले, की लिंबाजवळून परत न येता तरातरा थेट रिक्षा स्टँडकडेच निघाले. औषधाची चिठ्ठी टेबलावरच राहिली. ती घेऊन मी धावले, गाठलं, दिली, आणि घामाघूम होऊन परत आले, तर डॉक्टर दारात उभे राहून आनंदानं शेंगदाणे चावत होते. "बघितलंत? न थांबता गेले! मागच्या वेळी लिंबापर्यंत पोचत नव्हते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हालाच जरा जास्त दम लागलाय बाई. वजन करून टाका."

असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय होणार? पण एक मात्र मी पाहिलं. पेशंटला ते पहिल्यांदा 'काय होतंय' असं विचारत नसत, 'श्वास कशाला हवाय' असं विचारत. लोक गोंधळायचे. श्वास कशाला हवाय म्हणजे काय, जगायला! "ते झालंच. आणखी कशाला?" मग हळूहळू खरं बाहेर यायचं. शास्त्रीनगरातले एक चाचा म्हणाले, "सजदे में झुकतूं तो दम घुटता डॉक्टरसाब, बस वो नमाज अच्छी होना." एका म्हातारीला सुनेला हाक मारायची होती, स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशी. एकाला लेझीम. मग त्या माणसाचा आजार किती, हे डॉक्टर त्या कामावर मोजायचे. चाचांना त्यांनी दवाखान्यात चटई अंथरून वाकायला लावलं आणि चिमट्यावरचा आकडा बघत स्वतः शेजारी गुडघे टेकून बसले. माझ्या मशीनचा आकडा दोघांचा सारखा आला तरी लेझीमवाला जास्त आजारी आणि हाक मारणारी म्हातारी कमी आजारी, हे त्यांचं गणित. सुरुवातीला मला ते थोतांड वाटायचं.

एक प्रश्न मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती. नातेवाईक हळूच मागं राहून, पेशंट बाहेर गेल्याची खात्री करून विचारायचे, "डॉक्टर, किती दिवस काढतील?" की यांचा पारा चढला. "मी काय पंचांग घेऊन बसलोय? पुढं काय होऊ शकतं ते विचारा, काय करायचं ते विचारा. तारीख विचारायची असेल तर गल्लीच्या तोंडाशी पोपटवाला बसतो."

कस्तुराबाई आमच्याकडे आली ती हाच प्रश्न बरोबर घेऊन. म्हणजे प्रश्न तिच्या भावाचा होता. ती मूळची करकंबची, नवरा वारल्यावर सोलापुरात आलेली, बंद पडलेल्या गिरणीमागच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकायची. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. हाताखाली एक बाई ठेवली होती. कस्तुराबाईला दोनदा टीबी होऊन गेलेला, दोन्ही वेळा कोर्स पुरा केलेला. आता परत खोकला, परत दम. गावाकडच्या कुणा डॉक्टरनं एक्स-रे बघून भावाला सांगितलं होतं, डावं फुप्फुस संपलंय, वर्ष काढलं तर पुष्कळ झालं. भाऊ तिला न्यायलाच आला होता. खोली सोडायची, चूल मोडायची, करकंबला त्याच्या घरी मागच्या पडवीत खाट टाकायची. चांगला माणूस होता तो. डोळे सुजलेले होते त्याचे. "हितं एकटी मरू द्यायची व्हय मी हिला?" म्हणाला.

कस्तुराबाई खाली बघत होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, श्वास कशाला हवाय? तिनं एकदम मान वर केली. "भाकरी थापायला. गावाकडं जाऊन खाटंवर पडायला मला श्वास नगं."

थुंकी तपासली, जंतू नव्हता. म्हणजे टीबी उलटला नव्हता, हे जुन्याच जखमांचं दुखणं होतं. मग ती माझ्या मशीनवर आली. मी नेहमीसारखी ओरडले, "घ्या श्वास, घ्या, घ्या, आता फुंका! जोरात! आणखी, आणखी!" तिनं नळीत फूं केलं, तान्ह्या बाळाच्या डोळ्यावर फुंकर घालावी तसं. परत केलं, तेच. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा आलेख वेगळा. आकडा मात्र भीतीदायक. त्या आकड्यावर गेलं असतं तर गावचा डॉक्टर खराच ठरत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, ही बाई पूर्ण फुंकत नाहीये. हा आकडा धरू नका."

"दम नसेल तर फुंकणार कुठून?"

"दम नसलेल्या माणसाचा आलेख असा येत नाही. दर वेळी वेगळा येतोय. ती आखडून घेतेय."

यावर आमचं भांडण झालं, पेशंटसमोर, चांगलं मोठ्यानं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी ही भाकरी करते तिथं जाऊन बघू."

भाऊ चकित. आजवर त्यानं डॉक्टरला घरी बोलावलेलं पाहिलं होतं, तेही मरणाच्या वेळी. डॉक्टर आपण होऊन भाकरी बघायला येणार म्हटल्यावर तो पत्ता दोनदोनदा सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून गेलो. बाहेरच्या खोलीत पत्र्याखाली चूल पेटलेली, धूर डोळ्यात जात होता. कस्तुराबाई परातीशी बसली होती, कोपरापर्यंत पीठ, भाऊ दाराशी उभा. बोटाला चिमटा लावायची सोय नव्हती. डॉक्टर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाय पुढं करा."

"अगं बया! पायाला कशाला हात लावताय डॉक्टर? पाप लागंल मला."

"लागू द्या. गोळी देतो त्याच्यावर." आणि त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला.

ती थापायला लागली. मी आकडा बघत होते. हललासुद्धा नाही. धापा नाहीत, काही नाही. हात असे फिरत होते की परातीतला गोळा बघता बघता ताटाएवढा होत होता. एवढ्यात चूल मंदावली. तिनं फुंकणी उचलली, मान वाकवली आणि अशी एक फुंकर मारली की जाळ भसकन वर आला, राख उडाली आणि डॉक्टर दचकून उठताना पत्र्याच्या आडव्या लाकडावर डोकं आपटून खाली बसले.

"मॅडम!" डोकं चोळत ओरडले, "ही फुंकर बघितलीत?"

"मी कालच सांगत होते," मी म्हटलं. ते सुख मी सोडणार नव्हते.

"कस्तुराबाई, ही फुंकर काल बाईंच्या मशीनला का नाही दिलीत?"

तिनं आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "त्या नळीत माज्यामागं दुसरं कुनी फुंकनार की वो. माजं दुखनं त्येला कशाला?"

"अहो, पण नळी प्रत्येकाला नवीन असते," मी म्हटलं. "पुठ्ठ्याची. तुमच्यासमोर फेकते मी."

"नळी फेकताय. मशीन तर फेकत न्हाय न्हवं?" ती म्हणाली. "दोन वेळंला औशद घेतलं तवा सगळ्यांनी सांगितलं, तोंडावर पदर धरा, कुनाच्या अंगावर खोकू नका, फुंकू नका. नंदंनं ताट येगळं केलं. मी बी तशीच ऱ्हाते आता. चुलीचं काय, चुलीत काय बी फुंका, जळून जातंय."

मी तिथं धुरात उभी होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळं धुराचं नव्हतं. जी बाई दुसऱ्याला बाधू नये म्हणून आपला श्वास आखडून घेत होती, तिला त्याच श्वासावरून खाटेवर पाठवायची तयारी चालली होती. डॉक्टरांनी खिशातले शेंगदाणे काढून तिच्या भावाच्या हातावर ठेवले. तेवढंच.

तपासणी तिथं संपली नाही. त्यांनी तिला पाण्याची कळशी आणायला लावली. नळ गल्लीच्या तोंडाशी. परत येईपर्यंत चिमट्यावरचा आकडा सरसर खाली आला आणि ओठ निळसर पडले. भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन दुकानापर्यंत जाते म्हणाली. डॉक्टरांनी पाटी उचलूच दिली नाही. धुराकडे त्यांनी बोट दाखवलं. "हिचा खोकला इथून येतोय निम्मा."

त्यानंतर ती दवाखान्यात आली. मी तिच्यासमोर पाकीट फोडलं, नळ्या पुढं केल्या, त्यातली तिनं स्वतः निवडून घेतली. मशीनवर जंतू अडवणारी जाळी असते, तीही नवी बसवून दाखवली. आणि मग तिनं फुंकलं. अजूनही निरोगी माणसाच्या निम्म्याच्या खालीच, पण आदल्या आकड्यापेक्षा कितीतरी वर, आणि तिन्ही वेळा सारखं. वापरलेली नळी टाकायला मी डबा पुढं केला तर ती द्यायला तयार होईना. पदरात गुंडाळून घरी नेली आणि चुलीत घातली. पुढं दर वेळी असंच व्हायचं. मी पण नाद सोडला.

निकाल ऐकायला भाऊ आला होता. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, फिरवू नका. वरीस का दोन वरसं? काय आसंल ते सांगा."

"तुम्ही किती वर्षं जगणार?"

"ते कसं सांगनार वो?"

"मग तिचंच तेवढं कसं सांगायचं?"

"मी काय आजारी न्हाय."

"बरोबर आहे," डॉक्टर एकदम शांत झाले. "ती आजारी आहे. मला जे माहीत आहे ते सगळं सांगतो, तिच्यासमोरच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. डावं फुप्फुस बहुतेक गेलंय, ते येणार नाही. उजवं चांगलं आहे, तिला त्याच्यावरच चालवायचंय. बसून काम करताना प्राणवायू कमी पडत नाही, ओझं उचललं की पडतो. दर वेळी कफ पिकून ताप आला की थोडं थोडं फुप्फुस आणखी जाऊ शकतं. म्हणून ताप आला की त्याच दिवशी यायचं, लस चुकवायची नाही. कधी खोकल्यातून रक्त येईल, घाबरायचं नाही पण थांबायचंही नाही. वजन घटायला लागलं तर ती धोक्याची खूण. पुढं कधीतरी घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. "ओझं आजपासून बंद. चूल आजपासून बंद. भाकरी बंद नाही."

"म्हंजी मी हितंच ऱ्हाऊ?" कस्तुराबाईनं विचारलं.

"चूल सोडणार असाल तर."

"गॅसवरची भाकरी कोन खाईल वो? गिऱ्हाईक तोंडावर फेकंल माज्या."

"मी खाईन."

"तुमी एकटं किती खानार?"

मी सुचवलं, थापायचं हिनं आणि चुलीवर भाजायचं दुसऱ्या बाईनं. त्यावर डॉक्टर माझ्यावर उखडले, "त्या दुसरीची फुप्फुसं काय फुकटची आहेत?" भाऊ बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. मग त्यानं विचारलं, "शिलिंडर कोन उचलनार? आन बसून भाजायचं का हुबं राहून?" तो प्रश्न ऐकला आणि मला कळलं, खाट पडवीत जाणार नाही.

तो चार दिवस राहिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं विटा रचून ओटा बांधला, वर शेगडी, भिंतीत धूर ओढणारा पंखा. पाणी आणायचं आणि पाटी पोचवायचं काम हाताखालच्या बाईकडे गेलं. गिऱ्हाईकांनी महिनाभर कुरकुर केली. डॉक्टर दर आठवड्याला भाकऱ्या मागवून 'अगदी चुलीसारखी' म्हणत खायचे, आणि खाताना तोंड असं करायचे की मला हसू आवरायचं नाही. मग हळूहळू लोकांच्या जिभेला सवय झाली आणि कुणी काही म्हणेनासं झालं.

वर्ष गेलं, दोन गेली. गावच्या डॉक्टरनं सांगितलेली मुदत कधीच संपली. कस्तुराबाई नेमानं यायची. एका थंडीत ताप आला, त्याच दिवशी रिक्षा करून आली, हॉस्पिटलात ठेवावं लागलं, सुटली. एकदा रक्त पडलं, तेव्हाही आली. दर वर्षी डॉक्टर तिला गल्लीत घेऊन जात आणि भांडण काढत. तिच्यासाठी विषय ठरलेला, गॅसची भाकरी चुलीपेक्षा सरस. पहिल्या वर्षी लिंबाला वळसा घालून परत येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, गल्लीतले लोक दारात आले होते. पुढच्या वर्षी ती लिंबाजवळ थांबून भांडली. त्याच्या पुढच्या वर्षी जातानाही थांबली आणि येतानाही. वाक्यं तुटायला लागली होती. मी खिडकीतून ऐकायचे आणि मला ते ऐकवायचं नाही. मशीनवरचा आकडा काय सांगतो ते मला फुंकून घ्यायच्या आधीच कळायचं.

तिलाही कळत होतं. एकदा परत आल्यावर खुर्चीत टेकली, श्वास जागेवर आला आणि म्हणाली, "डॉक्टर, माजं भांडान कमी झालंय न्हवं?"

मला वाटलं, आता हे काहीतरी थट्टा करतील. ते म्हणाले, "हो."

"किती ऱ्हायलं?"

"ते नाही सांगणार."

"मंग काय सांगनार?"

"पुढच्या वर्षी परत यायचं भांडायला. आणि वजन वाढवून यायचं. काय उपाशी राहता काय? स्वतःच्या भाकरीवर विश्वास नाही?"

झालं, ती परत चवताळली. बसल्या जागी का होईना, पूर्ण वाक्य बोलली.

तो उन्हाळा संपायच्या आत डॉक्टर गेले. फुप्फुसं ठणठणीत होती त्यांची, माझ्या मशीनवर मजेनं फुंकून पेशंटना दाखवायचे. हृदय बंद पडलं. सकाळी पेपर वाचत बसले होते, वहिनी चहा घेऊन आल्या तोवर आटोपलेलं होतं. इतक्या लोकांच्या छातीला कान लावणाऱ्या माणसाच्या छातीत काय चाललंय ते कुणालाच ऐकू आलं नाही. मला त्यांचा फार राग आला. अजून येतो. न सांगता जायची ही कुठली रीत?

दहाव्याच्या आसपास मी त्यांच्या घरी होते. जुळे सोलापुरातला फ्लॅट, तिसरा मजला. वीज गेलेली, लिफ्ट बंद. वहिनी आणि मी बसलो होतो. जिन्यात कुणीतरी येत असल्याचं ऐकू आलं. म्हणजे पावलं नाही, श्वास. तो श्वास मी ओळखला आणि धावत जिन्यात गेले.

कस्तुराबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली होती. भाऊ शेजारी उभा होता, रडकुंडीला आला होता. "उचलून आनतो म्हनलं तर हात लावू देईना. मघाधरनं असंच चाललंय. बसतीय, उठतीय." मी खाली वाकले तर तिनं मलाही हातानं थांबवलं. तिच्या ओठांचा रंग मला दिसत होता. ती उठली, कठडा धरला, दोन पायऱ्या चढली, थांबली. आम्ही दोघं तिच्या मागं मागं, एकेक पायरी.

वहिनी दारात आल्या. "अहो, कशाला चढलात एवढं? निरोप दिला असता तर मी खाली आले असते."

कस्तुराबाईनं मान हलवली. उंबऱ्याशी टेकली. बराच वेळ तिला बोलता येईना आणि आम्ही सगळे तिच्या समोर बसून राहिलो, कुणी घाई केली नाही. शेवटी बोलली, एकेक तुकडा तोडून.

"किती दिस... ते मला त्येनी... कदीच सांगितलं न्हाय." श्वास घेतला. "बरं केलं. सांगितलं असतं... तर तेवडंच जगले असते मी."

वहिनी रडायला लागल्या. इतके दिवस त्या रडल्या नव्हत्या. कस्तुराबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी प्यायली, थोडा वेळ बसली. मग मला म्हणाली, "त्या दवाखान्यात दुसरा डाक्टर येनार हाय का न्हाय? का मी दुसरीकडं बघू?" मी म्हटलं, बघतेय, एक नवीन मुलगी आहे, पुढच्या महिन्यात बसेल. ती मान डोलावत उठली. भावानं हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे रं. उतरायला दम लागत न्हाय," म्हणाली, आणि कठडा धरून निघाली.